१८९७ समोरची खूण

मंगळवार, १९ नोव्हेंबर १९९६. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. एफी रेनी छत्तीस अंशांच्या इन्क्युबेटरच्या कपाटातून काढलेली तिसरी प्लेट दिव्यासमोर धरून उभी होती. ओव्हरकोट अजून अंगावरच होता. बाहेर अंधार होता आणि एडिंबराचा नोव्हेंबरातला वारा खिडकीच्या चौकटी एकसारख्या खडखडवत होता.

प्लेटवर यीस्टच्या ठिपक्यांच्या दहा ओळी होत्या, प्रत्येक ओळीत चार जागा. काही जागी ठिपका, काही जागी नुसता अगार, म्हणजे यीस्टचं खाद्य घातलेली जेली. सहाव्या ओळीत तिसऱ्या जागी एक ठिपका होता. मोहरीहून लहान, फिकट, पण होता. तिथे काही असायला नको होतं.

तिने प्लेट उलटी करून मागचा आकडा वाचला. सुलटी केली. त्याच ठिपक्यांच्या दोन नकला शेजारी होत्या, त्यांच्याशी ताडून पाहिली. कोणत्या ठिपक्यात कोणता बिघाड आहे ते त्या दोघींवरून कळतं. सहाव्या ओळीतल्या तिसऱ्यात एकच बिघाड होता, आणि तो बिघाड एकटा असला की यीस्टने छत्तीस अंशांवर मरायचं असतं. गेली कित्येक वर्षं ते न चुकता मरत आलं होतं.

तिने कोट काढून खुंटीला लावला, पुन्हा प्लेट घेतली. आठव्या ओळीत दुसरा सापडला. मग पहिल्या दोन प्लेट्स, ज्या तिने नुकत्याच "ठीक" म्हणून बाजूला ठेवल्या होत्या, त्या तिने परत ओढल्या.

एफी सत्तावन्न वर्षांची. शहराच्या दक्षिणेला टेकडीखाली जी संशोधन संस्था आहे तिथे ती १९६५ साली काचेची भांडी धुवायला लागली. शाळा पंधराव्या वर्षी सुटलेली. आज त्या मजल्यावर तिच्याइतक्या शेंगा कुणाच्या हातून फुटत नाहीत. ते यीस्ट एरवी मधोमध दुभंगून वाढतं. पण प्लस आणि मायनस अशा दोन वाणांची जोडी लावून त्यांना उपाशी ठेवलं की चार दाण्यांची शेंग धरतं. शेंग केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढी. एफी सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईने ती उचलते, दाणे सुटे करते आणि एका ओळीत चार जागी मांडते. सुई ती स्वतः बनवते, ज्योतीवर काच ओढून. दिवसाला चाळीस शेंगा. बाकीच्यांच्या बारा होतात, त्याही शिव्या घालत.

दुसरं काम वाणांच्या वहीचं. हिरव्या कापडी बांधणीची जाडजूड वही, तिच्यात प्रत्येक वाणाला क्रमांक, फ्रीझरमधली जागा, गोठवल्याची तारीख, आणि शेवटच्या दोन रकान्यांत खुणा: पंचवीस अंशांवर वाढलं, छत्तीसवर मेलं. त्यापुढे आद्याक्षरं. एफीची आद्याक्षरं इंग्लंडच्या राणीच्या सहीतल्यासारखीच, ई. आर. त्यामुळे मजल्यावर विचारायची पद्धत अशी की, "राणीची सही झाली का?" सही झाली असली की कुणी पुन्हा तपासत नसे.

वाण खराब निघालं तर त्याच्या ओळीवर तांबडी रेघ मारायची, कारण लिहायचं, आणि ज्याची चूक त्याची आद्याक्षरं. तो क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. वीस वर्षांत चौतीस रेघा. त्यातल्या एकीखालीही ई. आर. नव्हतं. नव्या माणसाला एफी पहिल्याच दिवशी त्या रेघा दाखवायची आणि सांगायची, "मोठा ठिपका उचलायचा नाही. मोठा झालाय म्हणजे काहीतरी लबाडी करून झालाय. मधला उचल, साधा."

साडेआठला टायग मलक्वीन आला. आयर्लंडमधल्या क्लेअरचा, एकतीस वर्षांचा, सायकलवरून आल्यामुळे नाक लाल. गेली तीन वर्षं तो दोन मोटर प्रथिनांच्या मागे होता. त्याच्या पेपरला जर्नलने जवळजवळ होकार दिला होता. परीक्षकांपैकी एकाने एवढंच मागितलं होतं की शेंगा फोडून दाखवा. सुधारलेला मजकूर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत फॅक्सने जायचा होता. नऊ डिसेंबरला आयर्लंडमध्ये गॉलवेत त्याची नोकरीची मुलाखत होती.

"काय महाराणी? माझी प्रजा जिवंत आहे ना?"

"अजून वाचून व्हायचंय."

"तीस शेंगा, एफी. तीस. तू तर चहा होईपर्यंत वाचतेस."

"आधी ते पेन थांबव. टकटक, टकटक. डोक्यात खिळे मारल्यासारखं होतं."

टायगने पेनचं बटण दाबणं थांबवलं आणि पायाने ठेका धरला. "नुसतं सांग. ज्यांच्यात दोन्ही बिघाड आहेत, ते जगलेत?"

"जगलेत."

"सगळे?"

"सगळे." हे खरं होतं. काही टपोरे होते, काही बारके होते, हे तिने सांगितलं नाही.

"देव तुझं भलं करो," टायग म्हणाला आणि ओळींमधल्या फिकट ठिपक्यांकडे न बघता पेपर टाइप करायला गेला. जाताना पेनची टकटक पुन्हा सुरू झाली.

त्याच्या पेपरचं म्हणणं एफीने घरी नवऱ्याला मागच्या अंगणातल्या खांबांवरून समजावलं होतं. दोन खांब, मध्ये कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. पेशी दुभंगताना तिच्यात तसेच दोन खांब उभे राहतात आणि दोऱ्यांवर गुणसूत्रं लटकतात. एक मोटर खांबांना बाहेर ढकलते, दुसरी आत ओढते. ढकलणारी बिघडली की ओढणारी दोन्ही खांब एकमेकांवर आणून आपटते आणि पेशी मरते. हा बिघाड असा की पंचवीस अंशांवर ढकलणारी कशीबशी चालते आणि छत्तीसवर कोलमडते. टायग म्हणत होता, ओढणारीही काढून टाका. मग ढकलायची गरजच उरत नाही, खांब उभेच राहतात, पेशी छत्तीसवर धडधाकट जगते.

धडधाकट हा शब्द पेपरच्या शीर्षकात होता.

एफीने फिकट ठिपके मोजले. तीस शेंगांत बारा. ढकलणारी बिघडलेली, ओढणारी शाबूत, आणि तरी जिवंत. याचा अर्थ एकच होत होता. दाण्यांमध्ये तिसरं काहीतरी फिरत होतं, कुणी न घातलेलं, त्यांना वाचवणारं. बिनतिकिटाचा एक प्रवासी. तो जोडीतल्या कुठल्यातरी एका वाणातून चढला होता.

तिने वही काढली. ढकलणारी मोटर बिघडलेलं मूळ मायनस वाण १९८३ सालचं होतं, दुसऱ्याच कुणाच्या हातचं, दहा वेळा तपासलेलं. जोडी लावायला प्लस हवा म्हणून त्याचा प्लस जोडीदार या वर्षी नव्या कुपीत गोठवला होता. क्रमांक १८९७. तारीख १५ जानेवारी. पंचवीसच्या रकान्यात खूण. छत्तीसच्या रकान्यात खूण. ई. आर.

दोन्ही खुणा एकाच शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या. एफी बराच वेळ छत्तीसच्या खुणेकडे पाहत राहिली. ती प्लेट आपण डोळ्यांनी पाहिल्याचं तिला आठवेना. इतर कुठल्या प्लेट्सचंही आठवत नव्हतं. सोळाशे प्लेट्स कोण लक्षात ठेवणार? पण वहीच आठवण म्हणून होती, आणि आता वहीवरच शंका.

नऊ वाजता ती फ्रीझरशी गेली, १८९७ ची कुपी काढली, वितळू न देता काडीने खरवडून नव्या प्लेटवर ओढली आणि प्लेट छत्तीसला ठेवली. तीन दिवस. शुक्रवार सकाळ. त्याआधी काहीच कळणार नव्हतं. प्लेटच्या पाठीवर क्रमांक आणि तारीख लिहिण्याचा नियम तिनेच घातलेला. तिने काहीच लिहिलं नाही.

दिवसभरात तिने छत्तीसचं दार सात वेळा उघडलं. दार उघडलं की तापमान पडतं, हे ओरडून सांगणारी पण तीच.

गॉर्गी भागातल्या तिच्या घराच्या जिन्यात बिअरच्या कारखान्याचा माल्टचा वास भरला होता, वारा पश्चिमेचा असला की भरतो तसा. तिच्या नवऱ्याने, रॅबने, खिमा आणि बटाटे करून ठेवले होते. रॅब चौतीस वर्षं त्याच कारखान्यात यीस्टच्या टाक्यांवर होता. जानेवारीत निवृत्त झाल्यापासून तो सहाच्या ठोक्याला जेवण वाढतो आणि वाढलेलं कुणी चिवडलं तर त्याला खपत नाही.

"काय बघतेस बटाट्यात? उगवतोय का?"

"रॅब, जानेवारीत, पंधराच्या आधीच्या शनिवारी, तेराला काय होतं?"

"झालं! नवऱ्याच्या निरोपाचा दिवस, आणि बाई विचारतायत काय होतं! साडेबाराला जेवण, तू उगवलीस दीडला. सगळी पोरं मला विचारतायत, रॅब, बायको दुसरीकडे गेली का? म्हटलं, गेलीय. आफ्रिकेच्या यीस्टकडे. तिकडच्या बिअरमधून काढलेलं यीस्ट, आणि तीस वर्षांत एक पेला बिअर केली नाही बयेने."

एफीने काटा खाली ठेवला. "मी का थांबले होते?"

"मला काय माहीत? नवे बूट चावत होते म्हणून लंगडत आलीस आणि म्हणालीस, कपाट थंड पडलंय. त्यावरून दिवसभर हशा. रॅबची बायको कपाटाला पांघरूण घालून आली."

मग तिला आठवलं. शनिवारची फेरी तिची होती. पंचवीसचा इन्क्युबेटर बंद पडलेला, आतला काटा अकरावर. इमारतीचं हीटिंग शनिवार-रविवारी बंद असतं. सहा प्लेट्स होत्या, नुकत्याच फ्रीझरमधून जाग्या केलेल्या. तिने त्या उचलून शेजारच्या तीसच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. एका रात्रीपुरत्या; रविवारी येऊन हलवू. रविवारी ती आली नाही. निरोपाच्या जेवणात व्हिस्की होती आणि रविवारी डोकं उशीवरून उचलत नव्हतं. सोमवारी प्लेट्सवर भरघोस वाढ होती. तीस अंशांवर, जिथे या वाणाने कुथत कुथत वाढायला हवं होतं, तिथे चार-सहा ठिपके छान टपोरे आले होते. तिने त्यातलाच एक उचलला. टपोरा. आणि गोठवला.

छत्तीसची प्लेट केली होती की नव्हती, एवढंच आठवत नव्हतं.

"एका उन्हाळ्यात आमची टाकी तापली होती," रॅब बोलतच होता. "शीतकरण बंद. यीस्ट मेलं नाही हं, बिअरसुद्धा झाली. पण साहेबाने सगळं यीस्ट गटारात ओतायला लावलं. मी म्हटलं, साहेब, जिवंत आहे की. तर म्हणाला, जिवंत आहे म्हणूनच ओत. हे आपलं नाही, हे उन्हाळ्यातून उरलेलं आहे. खा आता, गार होतंय."

"नकोय मला."

"तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे," ती म्हणाली. तिने उठून खिडकी लावली, मग परत उघडली. "रॅब, तू कधी न बघता काटा लिहिलायस? टाकीचा?"

रॅबने खाणं थांबवलं. "सगळेच लिहितात," तो सावकाश म्हणाला. "रोज बारा असतो तर बाराच लिहितो माणूस. का गं?"

तिने न खाल्लेलं ताट उचललं.

बुधवारी तिने वीस शेंगा फोडल्या आणि सुई दोनदा मोडली. गुरुवारी सकाळी अकराला टायगने छत्तीसचं दार उघडलं. एफीच्या हातची कोरी पाठ असलेली प्लेट त्या इमारतीत आजवर कुणी पाहिली नव्हती. त्याने ती दिव्याला धरली. नुसती अंधुक झाक होती, दमट काचेवर दिसते तशी.

"एफी, हे काय आहे?"

"ठेव ते. गार होईल."

"नाव नाही, गाव नाही. काय आहे?"

"अठराशे सत्त्याण्णव."

त्याला कळायला चार-पाच सेकंद लागले. मग त्याने प्लेट आत ठेवली, दार लावलं, आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला, जणू आतून कुणी बाहेर येईल.

"छत्तीसला? ते मेलेलं असतं छत्तीसला. वहीत खूण आहे."

"खूण आहे."

"तुझी खूण आहे!"

"माझी आहे. प्लेट बघितली होती की नाही, आठवत नाही."

एफीने त्याला बारा फिकट ठिपके सांगितले, त्यांत लपलेला बिनतिकिटवाला सांगितला, जानेवारीतला शनिवार सांगितला, तीसचं कपाट सांगितलं, टपोरा ठिपका सांगितला. सांगताना तिने एकही कारण जोडलं नाही. बुटांचं नाही, व्हिस्कीचं नाही. टायगने खिशातून पेन काढलं, बटण एकदा दाबलं आणि परत खिशात टाकलं.

"मंगळवारी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

"तू विचारलंस सगळे जगले का. जगलेत."

"वा! वकील व्हायला हवं होतंस." तो खोलीत फिरायला लागला, खिडकीपासून फ्रीझरपर्यंत, परत. "बरं. ऐक. तीसमधल्या बारांत घाण आहे. अठरा स्वच्छ आहेत. परीक्षकाने 'पुरेशा शेंगा' म्हटलंय, तीस म्हटलेलं नाही. अठरा पुरेशा आहेत. अठरांचा तक्ता पाठवू, बाकीचं नंतर निवांत निस्तरू."

"अठरा कुठून आल्या, बाळा?"

"एफी..."

"त्याच कुपीतून. त्या स्वच्छ नाहीत, त्यांच्यात फक्त तो डोकं वर काढून बसला नाही."

"मी तीन वर्षं घातलीत! तू एक शनिवार घातलास!"

तेवढ्यात दारात ग्रिझेल इम्री येऊन उभी राहिली. प्रयोगशाळा तिची. साठीला आलेली, आवाज कधी न चढवणारी, कोपरांवर कातडी ठिगळांचा एकच स्वेटर हिवाळाभर घालणारी बाई. मजल्यावर प्रोफेसरलाही सगळे नावानेच हाक मारतात.

"कोणता शनिवार?" तिने विचारलं.

एफीने पुन्हा सगळं सांगितलं, अधिक थोडक्यात. ग्रिझेलने वही मागितली, १८९७ ची ओळ वाचली, बोट छत्तीसच्या रकान्यावर ठेवलं.

"दोन्ही बिघाडवाले दाणे किती?"

"एकोणतीस. सगळे जिवंत. सोळा टपोरे, तेरा बारके."

"बारके किती बारके?"

"निम्म्याहून कमी. बिनतिकिटवाला नाही त्यांच्यात, लंगडतायत."

"आणि टायग, तुझं दुहेरी वाण, पेपरातल्या सगळ्या चित्रांतलं, तू कसं निवडलंस?"

टायगने खिशातलं पेन चाचपलं. "प्लेटवर होते पाच-सहा. त्यातला..." तो थांबला.

"त्यातला टपोरा," एफी म्हणाली. टोमणा मारायला नाही. पण टायगला तो टोमण्यासारखाच लागला.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस तू मला," तो म्हणाला. "या इथेच. त्या रेघा दाखवत."

"मलाही मीच सांगितलं होतं."

ग्रिझेलने वही मिटली. "उद्या प्लेट वाचू. तोवर कुणी फॅक्सला हात लावायचा नाही."

शुक्रवारी एफी सातलाच पोचली. पहारेकऱ्याने अजून मजल्याचे दिवे लावले नव्हते. तिने चाचपडत छत्तीसचं दार उघडलं, प्लेट खिडकीशी नेली. तिथे उजेड नव्हता, म्हणून पुन्हा दिव्याखाली. जिथे नुसता अगार दिसायला हवा होता तिथे पातळ, पांढुरका, सलग थर होता. कुपी खरवडून ज्या ज्या रेषा तिने ओढल्या होत्या त्या सगळ्या उमटल्या होत्या. हे जानेवारीतही असंच दिसलं असतं. हे पाहून कुणी खूण केली नसती. म्हणजे पाहिलंच नव्हतं.

आता प्रश्न उरला नव्हता. तरी तिचे पाय एका जागी ठरेनात. तिने मखमलीचे तुकडे, ज्यांच्यावर प्लेट दाबून तिची नक्कल उतरवतात, ते धुवायला टाकले. ते कालच धुतलेले होते.

साडेनऊला ग्रिझेलने जर्नलला फोन लावला. एफी आणि टायग समोर उभे. पलीकडच्या बाईंचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ग्रिझेल "हो" म्हणत होती, "कळतंय" म्हणत होती. फोन ठेवून तिने सांगितलं, "मुदत वाढवत नाहीत. काम पुरं झालं की नव्याने पाठवा, पुन्हा परीक्षकांकडे जाईल."

"म्हणजे मार्च," टायग म्हणाला. "सगळं नीट झालं तर."

"जुन्या मायनसपासून नवा प्लस काढायचा, जोडी लावायची, शेंगा धरायच्या," एफीने बोटांवर मोजलं. "माझ्याकडून तीन आठवडे. चित्रं तुझी तू परत काढ."

"नऊ तारखेला काय सांगू मी त्यांना? गॉलवेत?"

"दाणे जगतात ना?" ग्रिझेल म्हणाली. "बिनतिकिटवाला नसतानाही?"

"जगतात. लंगडत."

"मग लंगडत जगतात असं सांग. खरं आहे ते. कमी आहे, पण खरं आहे."

"त्या बिनतिकिटवाल्याचं काय?"

"तो कोण आहे हे शोधायला दोन वर्षं लागतील."

"माझ्या नेमणुकीचे आठ महिने उरलेत."

"मला माहीत आहे," ग्रिझेल म्हणाली. ती तिच्या खोलीत गेली.

एफीने वही टेबलावर उघडली आणि खणातून तांबडी शाई काढली. पट्टी लावून १८९७ च्या ओळीवर रेघ मारली. कारणाच्या जागी लिहिलं: "तीस अंशांवर जागे केले. टपोरा ठिपका घेतला. छत्तीसला तपासले नाही." खाली ई. आर. छत्तीसच्या रकान्यातली जुनी खूण रेघेखालूनही स्वच्छ दिसत होती. ती खोडायची पद्धत नाही.

मग त्या कुपीपासून झालेली सगळी वाणं. सहा होती. पाचांवर तिने रेघ मारून ई. आर. लिहिलं. सहावं टायगचं दुहेरी वाण, २०४४. तिने पट्टी लावली तेवढ्यात टायगने हात पुढे केला.

"आण इकडे."

"माझ्याच कुपीतून आलंय ते."

"टपोरा मी उचललाय. आण."

त्याने रेघ मारली, वाकडी, आणि टी. एम. लिहिलं. मग वही तशीच उघडी ठेवून मागची पानं चाळायला लागला. पानामागून पान, छत्तीसचा रकाना, खूण, खूण, खूण, ई. आर.

"एफी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकायला अधिक अवघड. "यातल्या खऱ्या किती?"

मंगळवारपासून हाच प्रश्न ती अंगावर घेऊन फिरत होती. कपाटाची दारं उघडत होती, खिडक्या लावत होती, धुतलेली मखमल पुन्हा धूत होती. पण तो कुणीतरी मोठ्याने विचारल्यावर तिला आपले पाय जमिनीला लागल्यासारखे वाटले.

"माहीत नाही," ती म्हणाली. "सोळाशेच्या वर आहेत."

"सगळ्या तपासणार?"

"त्या शनिवारच्या प्लेट्स सहा होत्या. एक झाली. आधी उरलेल्या पाच."

"आणि मग?"

"मग मागे जायचं. एकेक."

"निवृत्त कधी होतेस तू?"

"तीन वर्षांनी. का, घाई आहे?"

टायग पहिल्यांदा हसला, अर्धवट. त्याने पेन काढलं, बटण दाबलं. एफीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पेन ठेवून दिलं आणि चित्रांची फाइल उघडायला गेला.

दुपारी तिने पाच कुप्या काढल्या: १८९४, १८९५, १८९६, १८९८, १८९९. प्रत्येकीच्या दोन प्लेट्स, एक पंचवीसला, एक छत्तीसला. दहाही प्लेट्सच्या पाठीवर क्रमांक, तारीख आणि आद्याक्षरं लिहिली. चार वाजता अंधार पडला तेव्हा तिने पंचवीसच्या इन्क्युबेटरमध्ये पाण्याच्या पेल्यात उभा ठेवलेला थर्मामीटर हातात घेऊन वाचला, पुन्हा ठेवला, आणि कोट चढवला. बसथांब्यावर तिच्या लक्षात आलं की काटा वाचला पण आकडा लिहिला नाही. ती परत वर गेली आणि लिहून आली.

शनिवारच्या फेरीची यादी प्रयोगशाळेच्या दाराला आतून चिकटवलेली असते. २३ नोव्हेंबरपुढे नाव आहे ई. रेनी. वेळ सकाळी दहा. पंचवीस, तीस आणि छत्तीस, तिन्ही कपाटांचे काटे वाचायचे, आकडे लिहायचे आणि खाली सही करायची.